पाइनच्या खोडावरच्या खाचा: अमेरिकेतल्या टर्पेंटाइनच्या धंद्याची पार्श्वभूमी

जॉर्जिया, फ्लोरिडा किंवा कॅरोलिनातल्या जुन्या पाइनच्या रानात सुयांचा पाचोळा सरकवला की कधीकधी मातीचं एक भांडं वर येतं. दिसायला कुंडीसारखं, पण तळाला भोक नसतं. भोक असतं ते काठाच्या जरासं खाली, खिळ्यात अडकवण्यापुरतं. आसपास नीट पाहिलं तर एखादं म्हातारं झाडही सापडतं. त्याच्या एका अंगाची साल सोललेली असते आणि उघड्या लाकडावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या खाचा एकीवर एक चढत गेलेल्या असतात. मांजराच्या मिश्यांसारख्या दिसतात म्हणून तिकडे या जखमेला ‘कॅटफेस’ म्हणतात. खाली पत्र्याची गंजकी पट्टी असते, झाडानं अर्धीअधिक पोटात घेतलेली. एक खाच म्हणजे साधारण एका आठवड्याचं काम. मोजत गेलं तर कुणीतरी या झाडापाशी किती फेऱ्या घातल्या, ते कळतं.

पाइनचा चीक, त्यातून निघणारं टर्पेंटाइनचं तेल आणि मागे उरणारी राळ, या सगळ्याच्या धंद्याची सुरुवात जहाजांपासून झाली. लाकडी जहाजाच्या फटी बुजवायला आणि दोरखंड टिकवायला डांबर लागायचं, आणि ब्रिटिश आरमार ते स्वीडनकडून घ्यायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर युरोपात युद्ध पेटलं, त्यात स्वीडिश कंपनीची मक्तेदारी, भाव चढले. तेव्हा १७०५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या डांबरावर टनामागे ४ पौंड आणि टर्पेंटाइन व राळेवर ३ पौंड बक्षिसी लावली. त्यावर नॉर्थ कॅरोलिना उभी राहिली. पडलेल्या झाडांचं राळेनं भरलेलं लाकूड रचायचं, वरून माती लिंपायची आणि आत धुमसत ठेवायचं. खालच्या चरातून डांबर वाहायचं. त्या भट्ट्यांचे गोल उंचवटे आणि भोवतीचे खंदक आजही रानात आहेत. नुसत्या डोळ्यांना ते सहज दिसत नाहीत, पण विमानातून लेसरनं केलेल्या मोजणीत ठळक उमटतात.

जिवंत झाडाचा चीक काढायची रीत मात्र क्रूर होती. हिवाळ्यात लांब पात्याच्या कुऱ्हाडीनं खोडाच्या बुंध्यातच लिटरभर चीक मावेल एवढी खोबण कोरायची. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला तिच्या वर नवी खाच पाडायची. चीक ओघळून खोबणीत साचला की पळीनं उपसून पिंपात भरायचा. अशा साधारण दहा हजार खोबणी म्हणजे एक ‘क्रॉप’. सगळा हिशेब त्यात चाले. यादवी युद्धापूर्वी हे काम मुख्यतः गुलामांकडून करून घेतलं जाई. १८३४ च्या सुमारास तांब्याच्या भट्ट्या आल्या आणि ऊर्ध्वपातन रानाजवळच होऊ लागलं. टर्पेंटाइन आणि अल्कोहोल मिसळून केलेलं ‘कॅम्फिन’ घराघरांतल्या दिव्यांत जळू लागलं. रॉकेल येईपर्यंत त्याची चलती होती.

भट्टीवरच्या कसबाबद्दल थोडं सांगायलाच हवं. उकळत्या चिकात पाणी किती सोडायचं, हे भट्टीवाला कानानं ठरवायचा. वाफ थंड करणाऱ्या नळीच्या शेवटाला कान लावून आतली खदखद ऐकायची आणि त्यावरून अंदाज घ्यायचा. चुकलं तर राळ करपायची, कधी भट्टीच उतू जाऊन पेट घ्यायची. टर्पेंटाइन वाफेवाटे निघून गेलं की तळाशी राहायची ती राळ. गाळून पिंपात ओतायची. फिकट, पाण्यासारखी आरपार दिसणारी सर्वांत महाग. काळपट होत जाईल तसा भाव उतरायचा. कागद, साबण, व्हायोलिनचा गज, सगळीकडे ती लागे. ओढ्याकाठी विटांचे ढिगारे आणि मातीत थिजलेले राळेचे काचेरी तुकडे सापडले, तर तिथं भट्टी होती असं समजावं.

खोबणी कोरलेली झाडं फार तगत नसत. बुंधा पोकळ झाल्यावर वादळात मोडत, आणि राळेनं माखलेली जखम वणव्यात मशालीसारखी पेटे. चार-पाच वर्षांत रान पिळून झालं की मालक पुढं सरके: नॉर्थ कॅरोलिनातून साउथ कॅरोलिना, मग जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी. मागोमाग लाकूडतोडे येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सव्हाना हे या मालाचं जगातलं सर्वांत मोठं बंदर झालं होतं. दीडदीड फूट लांब सुयांचं ‘लाँगलीफ’ पाइन एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर होतं; विसाव्या शतकाच्या शेवटी त्यातलं चार टक्केही उरलं नव्हतं.

ते मातीचं भांडं या विध्वंसावरचा उपाय म्हणून आलं. चार्ल्स हर्टी हा जॉर्जिया विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ. बर्लिनमध्ये असताना ओटो विट या जर्मन रसायनतज्ज्ञानं त्याला सुनावलं, की तुमच्याकडे चाललाय तो उद्योग नव्हे, कत्तल आहे. ते त्याच्या मनाला लागलं. फ्रान्सच्या लांद भागात १८४० च्या दशकापासून खोडाला मातीचे कप टांगत होते. हर्टीनं १९०१ मध्ये जॉर्जियातल्या स्टेट्सबरोजवळ प्रयोग केले: खोबण नाही, खोडात पत्र्याच्या दोन तिरप्या पन्हळी आणि खाली खिळ्याला टांगलेला कप. चीक जास्त आणि स्वच्छ मिळाला, झाडं जगली. १९०३ मध्ये पेटंट झालं आणि टेनेसीतल्या डेझी गावच्या कारखान्यातून कप निघू लागले. पुढं पत्र्याचे, अल्युमिनियमचेही आले.

मला या इतिहासात सर्वांत जास्त खुपतं ते इथं. झाडाची काळजी घेणारी पद्धत आली, पण खाच पाडणाऱ्या माणसाचं काही बदललं नाही. कामगार बहुतेक कृष्णवर्णीय. शहरापासून दूर छावणीत राहायचे, मालकाच्याच दुकानातून उधारीवर पीठ-मीठ घ्यायचे, आणि उधारी फिटेपर्यंत जाता येत नसे. ती फिटत नसेच. घोड्यावरून मुकादम देखरेख करी. काही कामांत प्रत्येक झाड झालं की कामगार आपलं ठरलेलं नाव मोठ्यानं पुकारायचा आणि हिशेबनीस वहीत ठिपका द्यायचा.

हर्टीचे प्रयोग चालू होते त्याच १९०१ साली जॉर्जियातला टर्पेंटाइनचा व्यावसायिक सॅम्युएल क्लायट फ्लोरिडात गेला. विल गॉर्डन आणि मोझ रिडली हे दोन कामगार कर्ज बुडवून पळाले, असं म्हणत त्यांना जबरदस्तीनं परत घेऊन गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९०५ मध्ये न्यायालयानं कर्जापोटी वेठीला धरण्याविरुद्धचा कायदा वैध ठरवला, पण क्लायटची शिक्षा मात्र रद्द केली: हे दोघं आधीपासून वेठीत होते याचा पुरावा नाही, मग त्यांना वेठीत ‘परत’ नेलं कसं म्हणायचं? उचल घेऊन काम सोडणाऱ्याला फसवणुकीचा गुन्हेगार धरणारा फ्लोरिडाचा कायदा पडायला १९४४ साल उजाडावं लागलं. ऊसतोडीची उचल ठाऊक असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

धंदा पुढं दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडला. तोडलेल्या झाडांच्या जुन्या बुंध्यांतून राळ काढणारे कारखाने निघाले, आणि क्राफ्ट म्हणजे जाड तपकिरी कागदाच्या गिरण्यांत टर्पेंटाइन उपउत्पादन म्हणून फुकटात मिळू लागलं. दक्षिणेच्या पाइनपासून कागद करावा म्हणून आयुष्याच्या शेवटी झटणारा माणूसही हर्टीच होता. मजुरी वाढली, माणसं शहरांकडे गेली. २००१ मध्ये जॉर्जियात झाडाच्या चिकाचा व्यापारी धंदा थांबला.

आपल्याकडे हीच विद्या हिमालयातल्या चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, रानांत पोचली. कुमाऊँ-गढवालात ट्रेकला गेलेल्यांनी खोडाच्या खाचांखाली टांगलेले कप पाहिलेले असतात. तिथं या चिकाला ‘लीसा’ म्हणतात. १९२१ मध्ये वनखात्याच्या निर्बंधांविरुद्ध कुमाऊँत लोक उठले, तेव्हा जी जंगलं पेटवली गेली त्यांत लीसा काढायची चिडाची रानंही होती.

अमेरिकेतल्या खुणा बघायच्या तर नॉर्थ कॅरोलिनातल्या वेमथ वुड्स या राखीव रानात खोबणी कोरलेली लाँगलीफ झाडं अजून उभी आहेत. जॉर्जियातल्या पोर्टल गावात जुनी भट्टी जपली आहे आणि ऑक्टोबरात तिच्या निमित्तानं जत्रा भरते. रानात कप सापडला तर मात्र तो उचलू नये. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुन्या मानवी वस्तू १९७९ च्या कायद्यानं संरक्षित आहेत, आणि हर्टीचे पहिले कप ती मर्यादा ओलांडून गेलेत. शिवाय भांडं जिथं पडलंय तिथंच राहिलं, तरच कुठल्या झाडाचं, कुठल्या छावणीचं, हे अभ्यासकांना लावता येतं. मजुरांच्या बाजूनं लिहिलेली कागदपत्रं इतकी थोडी आहेत, की त्या रानात त्यांच्या हातचं जे उरलंय ते बहुतेक एवढंच.