न आलेला ठोका, न आलेलं उत्तर

“बोल रडके आणि चाल नाचरी, हे कसलं गाणं?” ऑनलाइन डेटिंगला वैतागलेल्या एका मुलीचं डिस्को-पॉप गाणं मी गेले काही दिवस सारखं ऐकतेय, आणि ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यातल्या बऱ्याच जणांनी हीच तक्रार केली. गाण्यातली मुलगी सांगते ते कुणालाही कळण्यासारखं आहे. ॲपवर दोघं एकमेकांना पसंत करतात, म्हणजे मॅच होते, दोन दिवस गप्पा रंगतात आणि मग समोरचा गप्प. मेसेज वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही. ती पुन्हा ॲप उघडते. या सगळ्या कहाणीखाली किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मात्र मिनिटाला 120 च्या गतीने धपधपत असतो. लोकांना यात विसंगती दिसते. मला वाटतं, याहून चपखल चाल या विषयाला मिळाली नसती. पाय हलवायला लावणारा ठेका आणि पुन्हापुन्हा फोन हातात घ्यायला लावणारं ॲप, दोन्ही मेंदूची एकच खोड वापरतात: पुढे काय होणार आणि नेमकं कधी होणार, याचा सतत अंदाज बांधत राहण्याची.

आधी ठेका. डिस्कोचा सांगाडा अगदी सोपा आहे. चार मात्रा, आणि चारही मात्रांवर किक ड्रमचा सारख्याच वजनाचा ठोका. ही पद्धत रुळवण्याचं श्रेय फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांना दिलं जातं. 1973 च्या एका ध्वनिमुद्रणात त्यांनी ती वाजवली आणि पुढे ती डिस्कोची ओळखच झाली. दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये हाय-हॅटची झांज उघडते आणि ‘त्स्स’ असा आवाज येतो. मिनिटाला 120 ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंद, आणि ती ‘त्स्स’ 250 व्या मिलिसेकंदाला. माणूस आपल्या नादात चालत असतो तेव्हा त्याची पावलंही सेकंदाला साधारण दोनच पडतात, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता एक प्रयोग करून बघा. असं एखादं गाणं लावा आणि टेबलावर बोटाने ठेका धरा. आवाज कानावर पडल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण 150 मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक ठोका ऐकून मग बोट आपटलं असतं, तर दर वेळी आपण तेवढे मागे पडलो असतो. प्रयोगशाळेत साध्या टिकटिकीवर बोट आपटायला सांगून मोजतात तेव्हा उलटंच दिसतं. बहुतेकांचं बोट ठोक्याच्या वीस-तीस, कधी पन्नास मिलिसेकंद आधीच टेबलाला टेकतं! आपण ठोक्याला प्रतिसाद देत नसतो. ठोका कधी येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं आणि आपण त्याला गाठायला निघालेलो असतो.

हे काम मेंदूचा कुठला भाग करतो? जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी 2007 मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये निश्चल झोपवून वेगवेगळ्या लयी ऐकवल्या. ज्या लयीत ठेका स्पष्ट होता, ती ऐकताना हालचालींशी संबंधित भाग जागे झाले. त्यात मेंदूच्या खोल भागातली बेसल गँग्लिया ही केंद्रं ठळक होती. शरीर हललं नव्हतं, तरी हालचालीची तयारी चालू होती. ही सवय आपण फार लवकर घेऊन येतो. 2009 मध्ये इश्तवान विंकलर, हेंकयान होनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मध्येच पहिल्या मात्रेचा मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींत तत्काळ फरक पडला. जे वाजलंच नाही, त्याची नोंद झाली होती.

आता माझी या गाण्यातली आवडती जागा. धृपदाच्या ऐन तोंडावर किक ड्रम पूर्ण थांबतो. बेस गिटार थांबते. चार मात्रांची मोकळी जागा, आणि त्यात फक्त तिचा आवाज. पाय मात्र थांबत नाही! न वाजलेले चारही ठोके पाय मोजतो, आणि पाचव्याला, समेवर यावं तसा, किक बेसला घेऊन परततो. त्या क्षणी अंगावर जे येतं ते ठोक्याच्या आवाजामुळे नक्कीच नाही, कारण तसे शेकडो ठोके आधी होऊन गेलेले असतात. येतं ते अंदाज ताणला गेल्यामुळे आणि मग खरा ठरल्यामुळे. फार ताणला तरी उपयोग नसतो. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 50 ड्रमचे तुकडे लोकांना ऐकवून विचारलं, नाचावंसं किती वाटतं? सरळसोट तुकडे कंटाळवाणे ठरले, ठोके अपेक्षित जागेवरून फारच सरकलेल्या तिरकस तुकड्यांत पाय हरवला, आणि मधले, जरासे चकवणारे तुकडे सगळ्यांत आवडले.

अंदाज आणि वास्तव यांच्यातल्या या फरकाचा हिशेब मेंदू कसा ठेवतो, ही विसाव्या शतकातल्या मेंदूविज्ञानातली माझ्या मते सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे, म्हणून तिला थोडी जास्त जागा देते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन) तयार करणाऱ्या एकेका पेशीची स्पंदनं मोजली. माकडाला फळांच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की पेशी जोरात कडकडायच्या. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. दिवा, जरा वेळाने रस, दिवा, रस. माकड शिकलं, तशी एक गंमत झाली. रस मिळाल्यावर पेशी काहीच करेनात. त्या आता दिवा लागल्यावर कडकडत होत्या. यानंतर दिवा लावून रस दिलाच नाही, तेव्हा काय झालं? एरवी सेकंदाला 3 ते 5 वेळा स्पंदणाऱ्या या पेशी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी जवळजवळ गप्प झाल्या.

1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचं गणित मांडलं. पेशी रस मोजत नाहीत. त्या मोजतात मिळालेलं वजा अपेक्षित. वजाबाकी धन आली तर स्पंदनं वाढतात, शून्य आली तर आहे तशीच राहतात, ऋण आली तर घटतात. ही वजाबाकी क्षणाक्षणाला होते: या क्षणी हाती आलेलं, अधिक आता दिसणारं भविष्य, वजा मघाशी दिसत असलेलं भविष्य. दिवा लागला की भविष्य एकदम सुधारतं, म्हणून वजाबाकी धन. रस ठरल्याप्रमाणे आला की नवं काहीच घडलेलं नसतं, म्हणून शून्य.

आता दिव्याच्या जागी फोनचा पडदा ठेवा. नोटिफिकेशन चमकलं की वजाबाकी धन होईल, अशी अपेक्षा धरता येते; आत काय आहे ते अजून बघायचंच असतं. आणि मॅच होईलच याची खात्री नसल्याने रस कधीच पुरता अपेक्षित होत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यातला एक ठळक निष्कर्ष असा की किती टोचांनंतर दाणा मिळेल हे बेभरवशाचं ठेवलं, तर कबुतर न थांबता सर्वांत वेगाने टोचत राहतं. अशा कबुतराचा दाणा पुढे बंद केला तरी ते फार वेळ टोच मारत राहतं. टिंडर हे डेटिंग ॲप 2012 मध्ये आलं, आणि बोटाने एक चेहरा डावीकडे, एक उजवीकडे सरकवण्याची खूण जगभर झाली. प्रत्येक सरकवणं ही एक टोच आहे.

इथे जरा अवघड वळण आहे. 2003 मध्ये क्रिस्टोफर फिओरिलो, फिलिप टोबलर आणि शुल्ट्झ यांनी रस मिळण्याची शक्यता बदलत नेली: 0, 0.25, 0.5, 0.75, 1. खूण दिसल्यापासून रसाच्या क्षणापर्यंत काही पेशींची स्पंदनं हळूहळू चढत जात होती आणि ही चढण 0.5 ला सर्वांत जास्त होती. शक्यतेला p म्हटलं तर अनिश्चितता p गुणिले (1 वजा p) इतकी येते: 0.9 ला 0.09, 0.75 ला सुमारे 0.19, आणि 0.5 ला सर्वाधिक, 0.25. या चढणीचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. ती अनिश्चिततेचीच खूण आहे, की अनेक प्रयत्नांची सरासरी काढताना उमटलेला आकार? मला पहिला अर्थ मोह पाडतो, पण दुसऱ्या बाजूचं गणितही भक्कम आहे.

स्किनर यांचा 1948 चा एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. कबुतर काहीही करो, दाणा ठरावीक वेळाने आपोआप पडत होता. तरी एक कबुतर पिंजऱ्यात घड्याळाच्या उलट्या दिशेने गिरक्या घेऊ लागलं, दुसरं डोकं वरच्या कोपऱ्यात खुपसू लागलं. स्किनर यांनी याला अंधश्रद्धा म्हटलं. या अर्थावर पुढे बराच वाद झाला, पण अमुक वाजता फोटो बदलला की मॅच येतात, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं भेटली की मला ती गिरकी आठवते. राशी जुळवून माणसं गाळण्याची सोयही काही ॲपमध्ये असते. डेव्हिड व्होआस यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या 2001 च्या जनगणनेतली सुमारे 1 कोटी जोडपी तपासली. कुठल्याही राशीचं कुठल्याही राशीशी विशेष जुळत असल्याचा पुरावा मिळाला नाही.

‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे वाक्य आणि त्याच्या जोडीचा ‘डोपामिनचा उपवास’, म्हणजे डोपामिन कमी करायचं म्हणून फोनसारख्या सुखांपासून काही काळ दूर राहणं, हेही असेच कच्चे समज. वरची वजाबाकी समजली असेल तर पहिलं वाक्य किती अपुरं आहे ते दिसेल. दुसऱ्याबद्दल एवढंच की मध्यमेंदूतल्या याच पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो आणि चालणंसुद्धा कठीण होतं. अशा रुग्णांना ठळक ठेका ऐकवला तर अनेकांची पावलं सुधारतात. डोपामिन गाळून टाकायची घाण नाही.

मग एकाच वजाबाकीतून गाण्यात सुख आणि ॲपमध्ये तगमग का? मला फरक दिसतो तो वेळेचा. गाण्यातल्या त्या मोकळ्या जागेला मात्रा आहेत. ठोका चारानंतर येणार, 500 मिलिसेकंदांच्या हिशेबाने येणार आणि येणारच. शुल्ट्झ यांच्या माकडाचीही निराशा एका ठरलेल्या क्षणी झाली, नोंदली गेली आणि संपली. उत्तर न येण्याला असा क्षणच नसतो. पाच मिनिटांनी नाही आलं तर तासाने येईल, उद्या येईल. तोटा कधी मोजायचा हे मेंदूला कळत नाही, आणि दर वेळी फोन बघणं म्हणजे नवा दिवा लावणं होतं. या तुलनेला मोजलेला पुरावा माझ्याकडे नाही, हा माझा तर्क आहे.

गाण्याच्या बाजूला मात्र मोजमापं आहेत. मॉन्ट्रियलमध्ये 2011 मध्ये वालोरी सलीमपूर, रॉबर्ट झाटोर आणि सहकाऱ्यांनी आठ जणांना त्यांची आवडती गाणी ऐकवली. अंगावर काटा येण्याच्या काही सेकंद आधी डोपामिन मेंदूच्या एका भागात वाढलं, प्रत्यक्ष काटा आला तेव्हा दुसऱ्या भागात. वाट बघणं आणि मिळणं, दोन्हींचे पत्ते वेगळे निघाले. 2019 मध्ये लॉरा फेरेरी आणि सहकाऱ्यांनी 27 जणांना एकदा डोपामिन वाढवणारं, एकदा त्याला अडवणारं आणि एकदा निष्क्रिय औषध देऊन संगीत ऐकवलं. वाढवल्यावर आनंद वाढला, अडवल्यावर घटला. गाणं विकत घ्यायला खिशातून किती द्याल, हा आकडाही तसाच वर-खाली झाला.

या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर ती मोकळी जागा दुप्पट लांबवली आहे, आठ मात्रांची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चारानंतर पाय आपटला आणि किक आलाच नाही. पाय गोंधळून तिथेच थबकला. आता तो आठही मात्रा मोजतो आणि नवव्याला ठोक्याच्या किंचित आधीच जमिनीला टेकतो.