वॉशिंग्टनमधल्या जॉन पॉल जोन्स स्मारकामागची हकिगत

वॉशिंग्टनच्या वेस्ट पोटोमॅक पार्कमधले जॉन पॉल जोन्सचे स्मारक १७ एप्रिल १९१२ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत खुले झाले. अमेरिकी नौदलाच्या या आद्य सेनानीला जाऊन तोवर १२० वर्षे होत आली होती.

जोन्स मूळचा स्कॉटलंडचा, एका माळ्याचा मुलगा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, २३ सप्टेंबर १७७९ रोजी, इंग्लंडच्या फ्लॅम्बरो हेडजवळ त्याच्या 'बॉनॉम रिचर्ड'ची गाठ ब्रिटिशांच्या 'सेरापिस'शी पडली. त्याचे जहाज जुने, एकेकाळी मालवाहू. तोफांच्या माऱ्यात आपला निभाव लागत नाही हे दिसताच त्याने दोन्ही जहाजे दोरांनी एकमेकांना जखडली आणि तीन तासांहून अधिक झुंजून सेरापिसला शरण आणले. त्याचे स्वतःचे जहाज मात्र दोन दिवसांत बुडाले. 'शरण? मी अजून लढायला सुरुवातही केलेली नाही!' हे स्मारकावर कोरलेले वाक्य याच लढाईतले मानतात. त्याचा सहकारी रिचर्ड डेल याने ते अनेक दशकांनी आठवणीतून सांगितले.

युद्ध संपले आणि अमेरिकेने उरलेली जहाजेही विकून टाकली. जोन्सने काही काळ रशियाची चाकरी केली आणि १७९२ मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. अमेरिकेचे तिथले राजदूत अंत्ययात्रेलाही गेले नाहीत. सिमोनो नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने पदरमोड करून शिशाची शवपेटी करवली, तीत मद्यार्क भरवला. अमेरिका कधीतरी आपल्या माणसाला न्यायला येईल, ही त्याची खात्री! कोणी आले नाही. दफनभूमी बंद झाली, वर घरे उभी राहिली.

१८९९ मध्ये अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत होरेस पोर्टर यांनी स्वखर्चाने शोध सुरू केला. १९०५ मध्ये त्या घरांखाली भुयारे खणून पाच शिशाच्या पेट्या हाती लागल्या. तिसरीतले शव इतके शाबूत होते, की चेहऱ्याची मापे शिल्पकार उदोंने जोन्सच्या हयातीत घडवलेल्या अर्धपुतळ्याशी ताडता आली. पोर्टर यांच्या चिकाटीइतकेच श्रेय मी सिमोनोला देईन.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेव्हा नौदल वाढवण्याच्या मागे होते. त्यांना असा पूर्वज हवाच होता. त्यांनी क्रूझर पाठवून शव आणवले. १९०६ मध्ये ॲनापोलिसला समारंभ झाला आणि त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, वॉशिंग्टनमधल्या स्मारकासाठी ५०,००० डॉलर मंजूर केले. पुतळा घडवला चार्ल्स नीहाउस यांनी. पोर्टर यांनी आपल्या खर्चाची भरपाई नाकारली. ती रक्कम जोन्सच्या समाधीसाठी वापरा, असे त्यांनी सांगितले. ती समाधी ॲनापोलिसच्या नौदल अकादमीच्या चॅपेलखाली १९१३ मध्ये पूर्ण झाली.