लाट जिथं फुटत नाही

श्रीलंकेत पोहायला कुठं जावं हे विचारलं, तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे थेट हिक्कडुवा, मिरिस्सा, बेंटोटाच्या किनाऱ्यावर येऊन धडकतात आणि समुद्र खवळतो. त्याच दिवसांत बेटाच्या दुसऱ्या अंगाला, त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला, पाणी बरंच शांत असतं, कारण तिथं वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. (म्हणूनच तिथं हवेच्या गादीवर पडून डुलकी घेऊ नये, वारा ती गुपचूप खोल पाण्यात नेतो.) डिसेंबर ते मार्च वारे ईशान्येकडून येतात, तेव्हा नेमकं उलट.

पण हंगाम बरोबर निवडला म्हणजे झालं, असं नाही. लाटा सतत पाणी किनाऱ्यावर लोटत असतात. ते परत जायला वाट शोधतं: वाळूच्या बुडत्या दांड्यातली फट किंवा प्रवाळाच्या कड्यातली खिंड. तिथून पाणी अरुंद पट्ट्यात जोरात बाहेर पडतं. हाच रिप करंट. एरवी त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, पण जोर धरला की दोन मीटरच्या वर जातो. शंभर मीटर 47 सेकंदांत कापणारा ऑलिंपिक जलतरणपटूही साधारण तेवढ्याच वेगानं जातो. आपली काय कथा!

फसवं असतं ते त्याचं रूप. दोन्हीकडे पांढरा फेस उसळतोय आणि मधला पट्टा गडद, सपाट दिसतोय. पाहणाऱ्याला वाटतं, उतरायला हीच जागा चांगली. तिथं लाट फुटत नाही, कारण तिथं खोली जास्त आहे. आणि खोली जास्त आहे, कारण त्या ओढीनंच तळाची वाळू खरवडून नेली आहे.

ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. बुडतात ते बहुतेक तिच्याविरुद्ध हातपाय मारून दमलेले. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फेसाकडे सरकावं आणि तिथून लाटांबरोबर परतावं. लाल-पिवळे झेंडे दिसले, तर त्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांची नजर असते. नुसता लाल असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नये.

आणि उतरण्याआधी दहा मिनिटं वाळूवर बसून नुसतं बघावं. मोठ्या लाटा पाठोपाठ, घोळक्यानं येतात. मध्ये काही मिनिटं सारं निवांत. घोळका येऊन गेला की साचलेलं पाणी एकदम परत फिरतं, आणि तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्याचेही पाय सुटतात.