बाळ अचानक अंगावर प्यायचं थांबतं तेव्हा

काल रात्रीपर्यंत नीट पिणारं सहा-सात महिन्यांचं बाळ सकाळी छातीशी धरताच पाठ ताणून रडतं, तोंड फिरवतं. घरात लगेच निदान होतं: दूध आटलं, नाहीतर दृष्ट लागली. बहुतेकदा दोन्ही खरं नसतं. वर्षाच्या आतलं बाळ आपणहून असं एका दिवसात दूध सोडत नाही. हा रुसवा साधारण दोन ते पाच दिवसांचा असतो, क्वचित जास्त.

कारण आधी बाळाच्या तोंडा-नाकात शोधा. नाक चोंदलं असेल तर पिताना श्वास घेता येत नाही. पाजण्याआधी सलाइनचे थेंब घाला. कान दुखत असेल तर चोखताना आणि आडवं धरल्यावर कळ वाढते, म्हणून उभं धरून पाजून पाहा. जिभेवर, गालाच्या आत पुसून न निघणारे पांढरे चट्टे म्हणजे बुरशी. मग औषध आई आणि बाळ दोघांनाही लागतं. दात येताना बाळ चावतं, आई ओरडते आणि ते घाबरून दुसऱ्या वेळी जवळच येत नाही, हेही नेहमीचंच. स्तनदाहात दुधातलं सोडियम वाढून चव खारट होते. नवा साबण, बाम, घामोळ्यांची सुगंधी पावडर यांचा वासही बाळाला खटकतो.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा घामेजलेल्या अंगाला अंग चिकटणंच बाळाला नको असतं. मध्ये पातळ सुती कापड घ्या, कुशीवर झोपून पाजा, पहाटेची वेळ साधा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला 'उन्हाळा आहे' म्हणून चमच्याने पाणी देऊ नका. पोट पाण्याने भरतं आणि दूध आणखी कमी जातं.

डोकं धरून तोंड स्तनावर दाबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बाळाच्या मनात ती जागाच भीतीची होते. त्यापेक्षा ते अर्धवट झोपेत असताना, अंधाऱ्या खोलीत किंवा कडेवर हिंडताना द्या. आधी हाताने थोडं दूध काढून पान्हा फुटू द्या, म्हणजे तोंड लावताच दूध मिळतं. रडायला लागलं की थांबा.

दरम्यान बाळ जेवढ्या वेळा प्यायचं तेवढ्या वेळा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी दूध काढा. नाहीतर गाठी होतात आणि दूध खरंच कमी होतं. हाताने काढताना अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत दाबून सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत. हे दूध वाटी-चमच्याने पाजा. निव्वळ दुधावरचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली घेतं, म्हणजे आठ वेळा पाजलं तर दर वेळी ९०-१०० मिली. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको. तिथे चार दिवस चालतं.

लंगोट मोजत राहा. २४ तासांत सहा ओले झाले तर पोटात पुरेसं जातंय. सहा-आठ तास शू नाही, तोंड कोरडं, डोक्यावरची टाळू खोल गेलेली, ताप किंवा सुस्ती दिसली तर वाट पाहू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने पिणं सोडलं तर या खुणांचीही वाट नको. रात्र असो वा दुपार, थेट सरकारी रुग्णालय (नागपुरात मेडिकल किंवा मेयो) किंवा जवळचं बालरुग्णालय गाठा.