दगड बघत बसले आणि माती फेकून दिली: ग्रेट झिंबाब्वेची गोष्ट

सप्टेंबर 1871. कार्ल माउख नावाचा एक जर्मन भटक्या आजच्या झिंबाब्वे देशात ग्रेट झिंबाब्वे नावाच्या पडक्या दगडी वास्तूत शिरला, तिथल्या दारावरच्या लाकडाची एक ढलपी काढली, हुंगून बघितली आणि त्याला वाटलं, अरे हा तर माझ्या पेन्सिलीचाच वास! पेन्सिल सीडरची, म्हणजे हे लाकूडपण सीडरचं, सीडर येतं लेबनॉनहून, ते इथवर आणणार कोण तर त्याच किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी फिनिशियन व्यापारी, म्हणजे हा वाडा बांधला बायबलमधल्या शीबाच्या राणीने. झालं, निकाल लागला. ते लाकूड बहुधा तिथेच आजूबाजूला वाढणाऱ्या टँबूटी झाडाचं होतं, पण तोवर गोष्ट युरोपभर पोचली होती आणि लोकांना ती आवडलीपण होती.

आफ्रिकेतली जुनी साम्राज्यं म्हटलं की हल्ली सगळ्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा आठवतो, 1324 ची ती हजयात्रा, सोन्याने लादलेले उंट वगैरे. त्याच सुमाराला खंडाच्या दुसऱ्या टोकाला, लिंपोपो आणि झांबेझी नद्यांच्या मधल्या पठारावर, ग्रेट झिंबाब्वे ऐन भरात होतं. त्याच्याबद्दल मात्र आपल्याकडे फार कोणी बोलत नाही.

आधी जागा कशी आहे ते बघू. पसारा सुमारे 7 चौरस किलोमीटर. एक टेकडी, तिच्यावर मोठमोठ्या शिळांच्या फटींत गुंफलेल्या भिंती, आणि खाली दरीत ते फोटोत दिसणारं मोठं गोल आवार. त्याची बाहेरची भिंत घेराने सुमारे 250 मीटर, काही ठिकाणी 11 मीटर उंच म्हणजे आपली तीन-साडेतीन मजली बिल्डिंग, आणि बुडाशी 5 मीटरपर्यंत जाड. आणि यात चुना नाही, मातीचा गारा नाही, काहीच नाही! कोकणात बागेभोवती गडगा रचतात ना, दगडावर दगड नुसता बसवत जायचा, तीच पद्धत, फक्त इथे दगड घडवलेला आणि थर दोरीत लावल्यासारखे सरळ. आत एक निमुळता बुरूज आहे, सुमारे 10 मीटर उंच, आतून पूर्ण भरीव. खजिना मिळेल म्हणून लोकांनी तो खालून पोखरला, हाती दगडच लागले.

एवढा दगड एकसारख्या जाडीचा कसा काय मिळाला? तर ते काम अर्धं निसर्गानेच करून ठेवलं होतं. तिथल्या ग्रॅनाईटच्या उघड्या टेकड्या दिवसा तापतात, रात्री गार होतात, आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्यांचे सपाट थर सुटत जातात. लोकांनी त्यावर अजून आग लावायची, गरम दगडावर पाणी मारायचं, की तडकला. मग तुकडे ठोकून विटेसारखे करायचे. यात फिनिशियन लोकांची गरज कुठे पडते मला तरी दिसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या भिंतींवर छप्पर कधीच नव्हतं. लोक राहायचे ते भिंतींच्या आत आणि बाहेर मातीच्या गोल घरांत. मुरमाड चिकणमाती मळून केलेली जाड भिंत, गुळगुळीत घोटलेली जमीन, वरती गवताचं शाकारलेलं छप्पर. त्या मातीला तिथल्या शोना भाषेत धाका म्हणतात. दगडी भिंती म्हणजे आडोसा आणि रुबाब, त्यांच्यामागे राजाचं घर आहे हे दाखवायला. गाव खरं तर मातीचं होतं, आणि पडलेल्या घरांचे, चुलींचे, खापरांचे, गुरांच्या हाडांचे थर एकावर एक साचलेले होते. कोण राहत होतं, कधी, काय खात होतं, सगळं त्या थरांत लिहिलेलं.

आणि तेच थर फेकून दिले! सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश उद्योगपतीच्या कंपनीचं राज्य आल्यावर 1902 ला रिचर्ड हॉल नावाच्या पत्रकाराला या जागेची देखभाल करायला नेमलं. त्याचं म्हणणं असं की वरचा सगळा आफ्रिकन लोकांचा कचरा आहे, तो उपसला की खाली खऱ्या प्राचीन बिल्डरांचे अवशेष लागतील. दोन वर्षं त्याने उपसलं, काही ठिकाणी साडेतीन मीटर खोलपर्यंत. खाली काही नव्हतं. जो कचरा म्हणून टाकला तोच पुरावा होता. चोराने पुरावा मिटवावा तसं हे झालं, फक्त या चोराला आपण साफसफाई करतोय असं मनापासून वाटत होतं.

1905 ला डेव्हिड रँडल-मॅकायव्हर हा तरबेज उत्खननतज्ज्ञ आला आणि म्हणाला की हे सगळं मध्ययुगातलं आणि स्थानिक लोकांचंच आहे. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना ते पटेना. मग 1929 ला गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ही पुरातत्त्वज्ञ आली, तिने मुद्दाम हॉलचा हात न लागलेली जागा शोधली आणि न फोडलेल्या जमिनीखाली खणलं. साधा विचार आहे: घोटलेली जमीन शाबूत असेल तर तिच्याखालची वस्तू नंतर कोणी टाकलेली असू शकत नाही. खाली स्थानिक मडक्यांची खापरं आणि मध्ययुगातला बाहेरून आलेला माल. निकाल तोच. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या परिषदेत तिने हे सांगितलं तेव्हा रेमंड डार्ट भडकून उठला. हा तोच डार्ट, ज्याने माणसाचे पूर्वज आफ्रिकेतच सापडतात हे टाऊंगच्या कवटीवरून जगाला सांगितलं होतं. माणूस आफ्रिकेत जन्मला हे चालतं, पण त्याने तिथेच भिंत बांधली हे चालत नाही, काय म्हणावं याला.

पुढे जुन्या लाकडातल्या कार्बनवरून त्याचं वय काढणारं रेडिओकार्बन तंत्र आलं तेव्हा आता तरी वाद मिटेल असं वाटलं, तर गंमत झाली. मोठ्या भिंतीच्या नाल्यातल्या लाकडाची तारीख निघाली सहाव्या-सातव्या शतकातली, म्हणजे केटन-थॉम्पसनच्या हिशोबापेक्षा खूप आधीची. ते लाकूड टँबूटीचं, ज्या झाडाने बहुधा माउखला फसवलं तेच! हे झाड हळू वाढतं, शेकडो वर्षं जगतं आणि लाकूड किडत नाही म्हणून जुनं काढून परत वापरतात. कार्बन आपल्याला लाकडाचा तो भाग कधी वाढला ते सांगतो, भिंत कधी उभी राहिली ते नाही. नंतर नमुने परत तपासले आणि बाकीच्या तारखा जुळवल्या तेव्हा चित्र बसलं: वस्ती साधारण अकराव्या शतकापासून, मोठ्या भिंती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातल्या, बांधणारे आजच्या शोना लोकांचे पूर्वज. तरीही इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारच्या ऱ्होडेशियात (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) हे उघड बोलायची चोरी होती, पीटर गार्लेक या सरकारी पुरातत्त्वज्ञाला 1970 ला देश सोडावा लागला. 1980 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाने या दगडी घरांचंच नाव घेतलं आणि तिथे सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर बसवला.

राज्य चालायचं कशावर? सोन्यावर, असं पटकन सांगतात, पण माझ्या मते आधी गुरं. जनावरं ज्याच्याकडे त्याच्याकडे माणसं, आणि हाडांचे ढीग त्याला साक्ष आहेत. शेतात ज्वारी आणि बाजरीसारखी भरड धान्यं. आपली ज्वारी आणि नाचणी दोन्ही मुळात आफ्रिकेतून आलेली, हे भाकरी मोडताना कधीतरी आठवायला हरकत नाही. सोनं पठारावरून किनाऱ्याला सोफाल्याला जायचं आणि तिथून उत्तरेला किल्वा बंदराला, जे आजच्या टांझानियात आहे. किल्वाच्या सुलतान हसन बिन सुलेमानच्या नावाचं एक तांब्याचं नाणं ग्रेट झिंबाब्वेत सापडलंय. 1331 ला प्रवासी इब्न बतूता त्याच सुलतानाच्या काळात किल्वाला जाऊन आला. नाण्याशिवाय चिनी भांड्यांचे तुकडे, इराणी वाडगा, आणि हजारो काचमणी.

हे मणी मोठी मजेशीर गोष्ट आहेत. मोहरीएवढा मणी, पण लेझरचा बारीक झोत मारून त्याचा अगदी सूक्ष्म कण उडवला की काचेत कुठलं मूलद्रव्य किती ते कळतं, आणि प्रत्येक प्रदेशातल्या वाळूची आणि क्षाराची सही वेगळी असते. भारतातल्या एका जातीच्या काचेत ॲल्युमिनियम भरपूर आणि युरेनियम जरा जास्त. ही काच आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला मिळाली आणि तसलेच मणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही मिळालेत. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून गलबतं आफ्रिकेला जायची आणि नैऋत्येचा सुरू झाला की परत यायची. इकडून मणी आणि कापड, तिकडून सोनं आणि हस्तिदंत.

पंधराव्या शतकात गाव ओस पडायला लागलं. गवत आणि लाकूड संपलं, सोन्याचा व्यापार उत्तरेला सरकला, पाऊस बिघडला, अशी बरीच कारणं सांगतात, मला एकच कारण असेल असं वाटत नाही. सत्ता काही संपली नाही, ती हलली. पश्चिमेला खामी आणि उत्तरेला मुतापा ही राज्यं उभी राहिली. मुतापाच्या दरबारात 1561 ला मारला गेलेला जेझुइट पंथाचा पोर्तुगीज पाद्री गोन्सालो द सिल्वेरा गोव्याहून गेला होता, आणि गोव्याचा गव्हर्नर राहिलेला फ्रान्सिस्को बरेतो सोन्याच्या खाणी घ्यायला फौज घेऊन गेला तो 1573 ला झांबेझीच्या काठी सेना नावाच्या गावी मेला. पोर्तुगीजांचं मोझांबिक 1752 पर्यंत गोव्यातूनच चालायचं. शेवटी 1690 च्या दशकात चांगामिरे दोंबो या स्थानिक राजाने त्यांना पठारावरून हाकललं.

ग्रेट झिंबाब्वेत पूर्वी 18-20 हजार लोक असतील असं छापून यायचं. पुरातत्त्वज्ञ शॅड्रॅक चिरिकुरे आणि सहकाऱ्यांनी घरांची दाटी आणि कुठलं घर कधी वापरात होतं याचा हिशोब परत मांडला, तर एका वेळी 10 हजारांच्या आतच माणसं निघतात. पण तेवढ्यांना आणि त्यांच्या गुरांना तरी पाणी कुठून? तिथे मोठमोठे खड्डे आहेत, घरांसाठी धाका माती काढलेले. इतकी वर्षं सगळे त्यांना नुसते मातीचे खड्डे समजून पुढे जायचे. 2022 ला पुरातत्त्वज्ञ इनोसंट पिकिरायी आणि त्यांच्या टीमने दाखवलं की पाणी टेकडीवरून वाहून यायचं, जमिनीतून झिरपायचं ते या खड्ड्यांत साठायचं आणि कोरड्या महिन्यांत पुरवून वापरायचे. माती घरात गेली आणि खड्ड्यात पाणी राहिलं.