क्लचची थरथर आणि घर्षणाचा उतार

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ ढाचा शाबूत असलेल्या दुचाकी-चारचाकींना तेव्हापासून अधिकृतपणे ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि त्यांच्या नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. एरवी व्हिंटेज म्हटलं की संस्थानिकांच्या रोल्स रॉइस डोळ्यांपुढे यायच्या. आता १९७० ची अॅम्बेसेडरसुद्धा त्याच रांगेत उभी राहते. मालक हौसेने रंगरंगोटी करतो, गाडी रॅलीला काढतो, पहिला गिअर टाकून क्लच सोडू लागतो, आणि गाडी बोनेटपासून डिकीपर्यंत थडथडते. आरसा हलतो, दारं वाजतात, मग वेग आला की सगळं शांत. रिव्हर्सला आणि चढावर हे जास्तच.

गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: “क्लच प्लेट गेली, बदलू.” प्लेट बदलते, काही दिवस बरे जातात, आणि थरथर परत येते. कारण प्लेट हा बहुतेक वेळा रोग नसतोच, रोगाची खूण असते.

क्लचची शाळेत शिकलेली रचना इथे पुरते. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, त्याच्यासमोर स्प्रिंगांनी रेटलेली प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या मध्ये दोन्ही अंगांना लायनिंग (घर्षणाचं अस्तर) रिव्हेट केलेली क्लच प्लेट. ही प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर स्प्लाइनमध्ये, म्हणजे लांबीच्या दातेरी खाचांमध्ये, बसते. पेडल सोडताना फ्लायव्हील मिनिटाला ९०० च्या आसपास फेरे घेत असतं आणि प्लेट थांबलेली असते. हा फरक घर्षणाने एक-दोन सेकंदांत मिटवायचा असतो.

थरथरीचं नेहमीचं स्पष्टीकरण असं: स्थिर घर्षण जास्त, गतिज घर्षण कमी, म्हणून प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते. ऐकायला पटतं. पण गाडी उचलताना प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली नसतेच, ती सुरुवातीपासून घसरत असते. थरथर सुरू होते ती या घसरण्यातच. जी पकड अजून बसलेलीच नाही, तिच्या सुटण्याने गाडी हादरेल कशी?

गोम आहे ती दुसऱ्याच एका वाक्यात, जे आपण सगळ्यांनी पाठ केलं: गतिज घर्षण वेगावर अवलंबून नसतं. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोंबने १७८५ मध्ये घर्षणावरचे आपले प्रयोग मांडले. त्याच्या नावाने शिकवला जाणारा हा नियम ढोबळमानाने ठीकच आहे. पण लायनिंगच्या बाबतीत घर्षणांक घसरणीच्या वेगाबरोबर थोडाथोडा बदलतो. तो किती आहे, यापेक्षा तो कोणत्या दिशेने बदलतो, हा आपल्या कामाचा प्रश्न. आलेख काढा: आडव्या अक्षावर घसरणीचा वेग, उभ्यावर घर्षणांक. रेषा उजवीकडे जाताना किंचित चढत असेल तर गाडी लोण्यासारखी उचलते. उतरत असेल, तर थरथरते.

का, ते पाहू. क्लच प्लेटच्या पुढे गिअरबॉक्सचा शाफ्ट, प्रॉपेलर शाफ्ट, अॅक्सल आणि टायर येतात. ही सगळी साखळी पोलादी असली तरी थोडी पिळते, म्हणजे ती एक पीळ देणारी स्प्रिंगच आहे. पहिल्या गिअरमध्ये ही साखळी स्वभावतः सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा मागेपुढे पिळते. आता प्लेट चुकून एक क्षण पुढे, म्हणजे इंजिन फिरतंय त्या दिशेला, झुकली असं धरा. फ्लायव्हील आणि तिच्या वेगातला फरक कमी झाला. आलेख उतरता असेल तर वेग कमी होताच घर्षण वाढतं, आणि प्लेट पुढे जात असतानाच तिला पुढे जादा ढकललं जातं. ती मागे आली की फरक वाढतो, घर्षण घटतं, आणि मागे येणाऱ्या प्लेटला अडवणारा जोर नेमका तेव्हाच कमी पडतो. झोपाळा पुढे जाताना मागून कोणी ढकलावं आणि मागे येताना हात काढून घ्यावा, तसंच हे. प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा जमा होते, आणि ती पुरवतं तुमचंच इंजिन.

थोडं गणित, नको असेल त्याने पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. कोणत्याही कंपनाला विझवणारं एक अवमंदन असतं. आपल्या साखळीत ते टायरमधून आणि शाफ्टच्या जोडांतल्या घासण्यातून येतं. क्लच घसरत असताना त्यात आणखी एक पद मिळवावं लागतं: लायनिंगचे पृष्ठभाग दोन, गुणिले दाबबल, गुणिले सरासरी त्रिज्येचा वर्ग, गुणिले घर्षणांकाचा उतार (घर्षणांक दर मीटर प्रतिसेकंद). उतार धन असेल तर क्लच स्वतःच शॉक अॅब्सॉर्बर होतो. उतार ऋण असेल तर हे पद वजा होतं, आणि ते मूळ अवमंदनापेक्षा मोठं झालं की एकूण अवमंदन ऋण. ऋण अवमंदन म्हणजे कंपन विझत नाही, पोसलं जातं. दाबबलही इथे गुणकात आहे, म्हणून पेडल आणखी सोडलं की थरथर वाढते, आणि “जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाका” हा सल्ला दुखणं वाढवतो. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती हाच उतरता आलेख मिळवण्यासाठी. तिथे तो सूर देतो, इथे आरसा हलवतो.

मग चांगल्या लायनिंगचा उतार उलटा का होतो? बहुतेक वेळा तेलाने. जुन्या अॅम्बेसेडरचं इथे खास प्रकरण आहे. १९५९ च्या सुमारास तिच्यात आलेल्या १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाला क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर उलटे आटे कोरलेले असतात. शाफ्ट फिरला की ते तेलाला परत संपकडे, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीकडे, रेटत राहतात. कल्पना देखणी आहे, पण इंजिन बंद झालं की आटेही बंद. गाडी चढाला तोंड करून उभी केली, बेअरिंग झिजून फट वाढली, किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्यामुळे अथवा ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबल्यामुळे क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर तेल बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या कवचात, येणारच. अशा इंजिनाचं “मागचं सील बदलून दिलं” असं कोणी सांगितलं, तर कोणतं सील, हे जरूर विचारावं.

लायनिंगवर आलेल्या या थेंबांनी क्लच पूर्ण घसरत नाही. जोरात घसरताना तेलाचा पातळ थर थोडा भार उचलतो, वेग मंदावला की थर फाटतो आणि लायनिंग चावते. उतार ऋण. वर उष्णतेने तेल भाजून लायनिंगला काचेसारखी चकाकी येते. अशी प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. तेल छिद्रांत शिरलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं.

थरथरीचा दुसरा प्रकार निव्वळ भूमितीचा. फ्लायव्हीलचा फेस (घासणारा पृष्ठभाग) वाकडा, प्रेशर प्लेटची फिंगरं (तिला मागे खेचणाऱ्या पट्ट्या) एका उंचीला नाहीत, किंवा प्लेट लहरते. मग घर्षण काहीही असो, दर फेऱ्याला एक धक्का बसतो. हे दोन प्रकार ओळखायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अॅप फोनमधल्या त्वरणमापकाचा वर्णपट, म्हणजे सेकंदाला किती कंपनं किती जोराची याचा आलेख, दाखवतं. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधा, मोकळ्या मैदानात एकदा ७०० आरपीएमला आणि एकदा १२०० ला धरून गाडी उचला. आलेखाचं शिखर दोन्ही वेळा सेकंदाला १० कंपनांच्या आसपासच राहिलं, तर दोष घर्षणाच्या उताराचा. ते १२ वरून २० कडे सरकलं, तर इंजिनाबरोबर फिरणारं काहीतरी वाकडं आहे. त्याआधी इंजिन माउंटिंगचं रबर, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट पाहून घ्यावेत. ते सैल असले की साखळीतलं अवमंदन आणि ताठरपणा दोन्ही बिघडतात, आणि ही तपासणी जवळजवळ फुकट होते.

गिअरबॉक्स उतरलाच, तर आत हवेचा झोत मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा. फ्लायव्हील डायल गेजवर फिरवून पाहा, फेस एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल किंवा निळे डाग असतील तर फेसिंग करून (लेथवर सपाट कापून) घ्या. तेल कुठून आलं हे सापडल्याशिवाय नवी प्लेट बसवू नका. आणि सगळ्यात घातक चूक बसवताना होते: गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमध्ये शिरला की माणसं दमून त्याचं वजन तसंच लोंबकळू देतात. कोरी प्लेट तिथेच वाकते. “नवी टाकली तरी थरथरते” या तक्रारींतल्या कित्येक इथे जन्मतात. खाली जॅक ठेवा.

बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याशी माझं भांडण नाही, त्यातून लायनिंगवर निदान तेल तरी जात नाही. भांडण आहे ते ‘रेसिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिरॅमिक प्लेटांशी. त्यांचा घर्षणांक मोठा असतो, घसरताना त्या चावतात, आणि ४०-५० अश्वशक्तीच्या म्हाताऱ्या गाडीला त्या ताकदीची गरजही नसते. त्यापेक्षा शंभर वर्षांपूर्वीचे लोक शहाणे होते. चामड्याचे शंकूच्या आकाराचे क्लच तेलाने घसरू लागले की ते त्यावर मुलतानी माती टाकत, आणि क्लच चावू नये म्हणून चामड्याखाली छोट्या पट्टी-स्प्रिंगा बसवत. आजच्या प्लेटमध्ये दोन लायनिंगांच्या मध्ये असते ती लहरी पत्र्याची गादी हेच काम करते. प्लेट विकत घेताना दोन्ही अंगठ्यांनी दाबून ती गादी आहे का, हे पाहावं.

पावसाळ्यानंतरच्या थरथरीला मात्र हे काही लागत नाही. महिना-दोन महिने उभ्या गाडीच्या बिडाच्या फ्लायव्हीलवर गंजाची पातळ साय येते, ती पहिल्या पाच-दहा उचलींत घासून जाते. गाडी वापरत आठवडाभर वाट पाहा.