वास्तुकला : इ. स. १८८९

इ. स. १८८९ हे वर्ष वास्तुकलेच्या इतिहासात मुख्यतः पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनामुळे (६ मे ते ३१ ऑक्टोबर) ओळखले जाते. आयफेल मनोरा आणि यंत्रशाला (यंत्रे मांडण्याचे प्रचंड दालन) ही त्या प्रदर्शनातील दोन सर्वांत मोठी बांधकामे. याच वर्षी शिकागोत ऑडिटोरियम इमारत खुली झाली, तूरीनमधील मोले आंतोनेल्याना ही विटांची उंच वास्तू शिखरापर्यंत पोहोचली, स्कॉटलंडमधील फोर्थ या रेल्वे पुलाचे काम वर्षअखेर संपले आणि व्हिएन्नात वास्तुविशारद कामिलो झिटे यांचा नगररचनेवरील ग्रंथ निघाला. या वर्षापासून पोलादाचे युग सुरू झाले, असे विधान वारंवार आढळते. ते सावधपणे घ्यावे लागते. पॅरिसचा मनोरा पोलादाचा नाही आणि यंत्रशालाही बहुधा नव्हती. पोलाद त्या वर्षी वापरले जात होते, पण पॅरिसपासून दूर.

आयफेल मनोऱ्याची मूळ कल्पना गुस्ताव्ह आयफेल यांची नव्हती. त्यांच्या कंपनीतील मोरीस केक्लँ आणि एमील नूगिये या दोन अभियंत्यांनी ती मांडली. केक्लँ यांचे ६ जून १८८४ चे रेखाटन उपलब्ध आहे. त्यात खाली रुंद व वर निमुळता होत गेलेला जाळीदार खांब दिसतो आणि त्याच्या शेजारी, उंचीचा अंदाज यावा म्हणून, नोत्र दाम, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा वगैरे एकावर एक रचून दाखवले आहेत. आयफेल यांनी आरंभी त्यात फारसा रस घेतला नाही. स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुविशारदाने पायांना दगडी चौथरे दिले, चारही पाय मोठ्या कमानींनी जोडले आणि आकृतीला डौल आणला. त्यानंतर आयफेल यांचे मत बदलले. १८ सप्टेंबर १८८४ चे एकस्व (पेटंट) आयफेल, नूगिये व केक्लँ या तिघांच्या नावे आहे. पुढे आयफेल यांनी उरलेल्या दोघांकडून हक्क विकत घेतले. त्यामुळे मनोऱ्याचा कर्ता कोण, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देणे योग्य नाही. संरचना केक्लँ व नूगिये यांची, रूप बरेचसे सोव्हेस्त्र यांचे, आणि ते प्रत्यक्षात उतरवण्याची धमक, पैसा व जबाबदारी आयफेल यांची, अशी विभागणी अधिक न्याय्य ठरते. पहिल्या मजल्याखालच्या त्या भव्य कमानी मनोऱ्याचा भार पेलतात असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्या केवळ शोभेच्या आहेत.

काम २८ जानेवारी १८८७ रोजी सुरू झाले आणि ३१ मार्च १८८९ रोजी मनोरा ३०० मी. उंचीवर पुरा झाला. तोपर्यंत जगातील सर्वांत उंच असलेले वॉशिंग्टन स्मारक सु. १६९ मी. उंचीचे होते. सुमारे ७,३०० टन लोखंड, १८,०३८ सुटे भाग आणि ते जोडणाऱ्या २५ लाख रिव्हेट (लोखंडी खिळे) असा हिशेब सांगितला जातो. भाग लेव्हाल्वा-पेरे येथील कारखान्यात कापून, भोके पाडून, अर्धवट जोडून येत. एखादा भाग जागेवर बसला नाही तर तिथे कानस न चालवता तो परत कारखान्यात जाई. एकेक रिव्हेट मारायला चार माणसे लागत : एक भट्टीवर रिव्हेट लाल करी, दुसरा तो भोकात दाबून धरी, तिसरा टोकाला आकार देई आणि चौथा घणाने ठोके. रिव्हेट थंड होताना आखडे आणि दोन पत्रे घट्ट आवळले जात. याहून विलक्षण होती पाय जुळवण्याची युक्ती. चार तिरपे पाय सुटे सुटे वर चढले होते आणि पहिल्या मजल्याच्या पातळीला ते काटेकोर जुळायला हवे होते. त्यासाठी आधाराच्या मचाणांवर वाळूने भरलेल्या पेट्या आणि पायांच्या बुडाशी द्रवचालित जॅक बसवले होते. वाळू थोडी सोडली की पाय किंचित खाली येई, जॅक दाबला की वर जाई. डिसेंबर १८८७ मध्ये हा सांधा जुळला. शेकडो टनांचे लोखंड मूठभर वाळू सोडून ताळ्यावर आणले जाते, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या इतिहासात मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मनोऱ्याचे लोखंड पोंपे येथील भट्ट्यांतले घडीव लोखंड होते. भट्टीतील वितळलेला रस मजूर लांब सळईने ढवळत. कार्बन जळून गेला की रस घट्ट होई, त्याचा गोळा बाहेर काढून घणाखाली चेपत आणि मग लाटून पट्ट्या काढत. कष्टाची आणि हळू चालणारी ही रीत १८८९ मध्ये जुनी होत चालली होती. पण आयफेल यांच्या कंपनीने याच धातूचे पूल बांधले होते. १८८४ मध्ये पुऱ्या झालेल्या गाराबी पुलाची १६५ मी. गाळ्याची (दोन आधारांमधील अंतराची) कमान त्यांपैकीच. वाऱ्याच्या दाबाखाली हे लोखंड कसे वागते याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

यंत्रशालेबाबतचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. वास्तुविशारद फेर्दिनां द्यूतेर आणि अभियंता व्हिक्तोर कोंतामँ यांच्या या दालनाची लांबी सु. ४२० मी. होती. गाळ्याची रुंदी वेगवेगळ्या ग्रंथांत ११० ते ११५ मी. अशी सापडते, बिजागरीपासून बिजागरीपर्यंत मोजायचे की कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत, यावर हा फरक बराचसा अवलंबून आहे. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचे १८६८ चे छप्पर सु. ७३ मी. गाळ्याचे होते, यावरून झेप लक्षात यावी. छत तोलणाऱ्या कमानी तीन बिजागऱ्यांच्या होत्या : दोन पायथ्याशी, एक माथ्यावर. उन्हाने लोखंड फुगले किंवा पाया किंचित खचला तरी कमान बिजागरीवर वळते आणि तिच्यात अनपेक्षित ताण साचत नाही. ही कल्पना द्यूतेर-कोंतामँ यांची नव्हे. जर्मनीत योहान श्वेडलर यांनी ती १८६० च्या दशकातच वापरली होती. नवे होते ते आकारमान. कमान खाली येताना निमुळती होत जाऊन एका कीलावर (बिजागरीच्या खिळीवर) टेकत असे. खांब खाली भक्कम व वर हलका, या हजारो वर्षांच्या सवयीला इथे सरळ छेद मिळाला, आणि पुष्कळ समकालीनांना ते पाहून अस्वस्थ वाटले.

या कमानी पोलादाच्या होत्या असे बहुतेक जुने संदर्भग्रंथ सांगतात. मूळ योजना पोलादाची होती हे खरे. परंतु नंतरच्या संशोधनानुसार खर्च व वेळ वाचवण्यासाठी ऐनवेळी लोखंड वापरण्याचे ठरले. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण योजनेवर विसंबून लिहिलेले वर्णन पुढे तसेच उतरवले जाणे विश्वकोशांच्या बाबतीत नवे नाही. उभारणीचे काम दोन कंपन्यांना अर्धे अर्धे दिले होते. फीव-लील कंपनीने ४८ टनांपर्यंतचे मोठे तुकडे जमिनीवर जोडून वर चढवले. काय कंपनीने तीनेक टनांचे लहान तुकडे वरच जोडले. दोघांना वेळ जवळपास सारखाच लागला. प्रदर्शनात यंत्रांच्या डोक्यावरून सरकणाऱ्या विजेच्या पुलांवर बसून लोक हे दालन पाहत. १९१० मध्ये ते पाडले गेले. मनोरा उरला आणि यंत्रशाला गेली, हे वास्तुकलेचे मोठे नुकसान आहे.

पोलादाचा खरा पुरावा फोर्थ पुलात मिळतो. ब्रिटनमध्ये १८७७ पर्यंत पुलांसाठी पोलाद वापरण्यास परवानगी नव्हती. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमधीलच टे पूल वादळात आगगाडीसह कोसळला. त्यामुळे जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर या अभियंत्यांनी वाऱ्याचा दाब मुद्दाम फार मोठा धरून नवा पूल रचला. ५२१ मी. चे दोन मुख्य गाळे आणि ५० हजार टनांहून अधिक पोलाद असलेला हा पूल १८८९ अखेर बांधून झाला; उद्घाटन ४ मार्च १८९० रोजी झाले. बांधकामात मृत्यू पावलेल्या कामगारांचा जुना आकडा ५७ असा आहे. पुढील शोधातून ७३ जणांची नोंद झाली असून तोच आकडा धरावा.

अमेरिकेत हा प्रश्न सांगाड्याचा, म्हणजे इमारतीचा भार भिंतींऐवजी धातूच्या चौकटीवर देण्याचा होता. शिकागोतील होम इन्शुरन्स इमारत (१८८५) ही पहिली गगनचुंबी इमारत, असे परंपरेने मानतात. पण तिच्यात ओतीव लोखंड, घडीव लोखंड, थोडे पोलाद आणि काही भारवाही (स्वतः भार पेलणाऱ्या) भिंती अशी सरमिसळ होती. पहिली इमारत शोधण्यापेक्षा १८८५ ते १८९० हा टप्पा एकत्र पाहणे बरे. १८८९ मधील टॅकोमा इमारतीत रस्त्याकडील दोन बाजूंच्या भिंती सांगाड्यावर टांगल्या होत्या. बर्नम व रूट यांची रँड मॅक्नॅली इमारत (१८८९-९०) संपूर्ण पोलादी सांगाड्याची पहिली उंच इमारत समजली जाते. न्यूयॉर्कमध्ये वास्तुविशारद ब्रॅडफर्ड गिल्बर्ट यांच्यापुढे साडेएकवीस फूट रुंदीचा भूखंड होता. नियमाप्रमाणे विटांच्या भिंती जाड केल्या असत्या तर खोल्यांना जागाच उरली नसती. त्यांनी पुलाचा लोखंडी सांगाडा उभा करावा तशी अकरा मजली टॉवर इमारत उभारली. वादळात स्वतः वर चढून ओळंबा सोडून त्यांनी ती हलत नसल्याची खात्री केली, असे सांगतात. त्याच शहरातील डेमरेस्ट इमारतीत १८८९ मध्येच ओटिस कंपनीची विजेवर चालणारी लिफ्ट बसली.

ऑडिटोरियम इमारत (वास्तुविशारद अॅडलर व सलिव्हन, उद्घाटन ९ डिसेंबर १८८९) मात्र भारवाही भिंतींचीच होती. चार हजारांहून अधिक आसनांचे नाट्यगृह, हॉटेल आणि कचेऱ्या एकाच वास्तूत सामावल्या होत्या. शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची. या इमारतीच्या मनोऱ्याचा भाग पुढे अधिक खचू नये म्हणून बांधकाम चालू असतानाच अॅडलर यांनी त्याच्या पायावर कच्च्या लोखंडाचे व विटांचे जादा वजन रचले आणि मनोरा वर जाईल तसतसे ते कमी केले.

तूरीनची मोले ही जणू दुसऱ्या टोकाची वास्तू. १८६३ मध्ये ज्यू प्रार्थनागृह म्हणून सुरू झालेले हे काम खर्चामुळे शहराकडे आले. आलेस्सांद्रो आंतोनेल्ली यांनी विटांचेच बांधकाम सु. १६७ मी. पर्यंत नेले, पूर्तता पाहण्याआधी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांचे निधन झाले. १९५३ च्या वादळात शिखराचा सु. ४७ मी. भाग कोसळला, तो नंतर पुन्हा बांधला गेला.

पॅरिसच्या प्रदर्शनातच वास्तुविशारद शार्ल गार्निये यांनी मानवी निवासाचा इतिहास दाखवणारी घरांची रांग उभारली होती. ‘कैरो रस्ता’ या भागात कैरोतील पाडलेल्या घरांचे दरवाजे व लाकडी जाळीच्या खिडक्या बसवल्या होत्या.

झिटे यांच्या ग्रंथाने नगररचनेत कलेचा प्रश्न पुन्हा आणला. जुन्या चौकांचे आराखडे मोजून, चौक बंदिस्त का वाटतो व पुतळा मध्यभागी का ठेवू नये, हे त्यांनी दाखवले. १९०२ च्या फ्रेंच अनुवादात अनुवादकाने रस्त्यांवर एक प्रकरण स्वतःचे घातले. वाकड्या मध्ययुगीन गल्ल्यांचा पुरस्कर्ता ही झिटे यांची ख्याती बरीचशी त्या अनुवादातून आली, मूळ ग्रंथातून नव्हे.

६ जून रोजी सिअॅटल शहराचा मध्यभाग जळाला व पुढील बांधकाम वीट-दगडात करण्याचे बंधन आले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी सलिव्हन यांच्याकडून कर्ज घेऊन याच वर्षी ओक पार्क येथे आपले घर बांधले. बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे पुढील संचालक हानेस मायर यांचा जन्म १८ नोव्हेंबर रोजी बाझल येथे झाला.